खैरानच्या वाळूवरची आखणी

पावसकर चाचांना जपानबद्दल काही विचारू नकोस, असं मला कुवेतमधल्या पहिल्याच आठवड्यात बजावण्यात आलं होतं. बजावणारी शबाना, फैयाजची बायको. फैयाज चाचांचा पुतण्या, आणि चाचा राहायचे त्याच्याच घरी, बनेद अल-गारला, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. मी दोन इमारती सोडून राहायचे. शबाना म्हणाली, सलाम कर, तब्येत विचार, भाकरीचं कौतुक कर, पण जपान काढलंस तर रात्रीची, इशाची अजान होईपर्यंत तुला उठता येणार नाही. मी अर्थातच विचारलं. एखादी गोष्ट विचारू नको म्हटलं की ती आधी विचारायची, माझी सगळी चळवळ याच एका खोडीवर उभी आहे.

चाचांनी समोरची भांडी सरकवायला सुरुवात केली. मिठाची बरणी हे डोंगरातलं शहर झालं. तिथून देशाचा मोठा द्रुतगती मार्ग जातो आणि त्यालाच फाटा फुटून ‘आपला रोड’ सुरू होतो. त्या रस्त्याचं खरं जपानी नाव भलंमोठं होतं. चाचा ते एकदा अदबीने उच्चारायचे आणि त्यानंतर फक्त आपला रोड म्हणायचे. मग दोन खुबूस, इथल्या रोट्या, दुमडून उभे केले, ते घाटातले बोगदे. बोगद्यांतून बाहेर पडलं की भाताचं मैदान, म्हणजे अर्थात भाताचं ताट. मैदान ओलांडलं की नदीचं मुख, डाळीची वाटी. तिथून पुढे एका हाताला डोंगर आणि एका हाताला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीतून रस्ता मासेमारीच्या एका छोट्या गावापर्यंत. ‘अगदी आपल्यासारखा,’ असं चाचा इथे न चुकता म्हणायचे. शेवटी केचपची बाटली. तो सिग्नल. द्रुतगती मार्ग एका साध्या सिग्नलला येऊन संपतो, कारण पुढचा भाग अजून व्हायचाय.

फैयाजची मुलगी त्यांना दादा, म्हणजे आजोबा, म्हणायची. ती तेवढ्यात म्हणाली, ‘दादा, आय नीड द केचप.’ चाचांनी बाटली दिली आणि सिग्नलच्या जागी बोट ठेवून पुढचं सांगत राहिले.

दिसायला ते बुटके, रुंद खांद्यांचे. मोजणीच्या दुर्बिणीतून उभा जन्म बघितल्यामुळे एक डोळा कायमचा बारीक झालेला. माणूस समोर आला की त्याच्याकडेही तसंच बघायचे, जणू तो किती उंचीवर उभा आहे ते ताडतायत. ओळख करून देताना नावाआधी ‘डिप्लोमा सिव्हिल’ सांगायचे. मिजास होती, आणि मला ती आवडायची, कारण जमातीत, म्हणजे कुवेतमधल्या त्यांच्या गाववाल्यांच्या मंडळात, बाकी सगळ्यांची मिजास घराच्या मजल्यांवरून असायची.

मागचं एवढंच सांगते. तरुणपणी ते कुवेतमध्ये एका जपानी कंत्राटदाराकडे मोजणीदार होते. युद्ध झालं, सगळे पळाले, चाचाही गावी गेले. नंतर त्यांच्या जुन्या जपानी साहेबाने, इशिदासानने, त्यांना प्रशिक्षणार्थी म्हणून जपानला बोलावून घेतलं. त्या किनाऱ्यावरच्या रस्त्याच्या मोजणीत त्यांनी काही वर्षं काढली आणि परत कुवेत गाठलं. मी ओळखत होते तेव्हा ते मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका ठेकेदाराकडे आतल्या रस्त्यांची आणि पाइपांची मोजणी करायचे. बायको वारली होती. गावातलं घर बंद होतं.

जपानहून ते एक सवय घेऊन आले होते. काम झालं की त्या वस्तूकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने ‘योशी’ म्हणायचं. म्हणजे ठीक आहे, तपासलं. घराबाहेर पडताना गॅसकडे बोट, योशी. पंख्याकडे बोट, योशी. गाडीत बसल्यावर आरसा, पट्टा, दार, तीन वेळा योशी. साहजिकच अख्खी जमात त्यांना योशीचाचा म्हणायची. पाठीमागे म्हणायची, मग तोंडावर म्हणायला लागली. त्यांना त्यात थट्टा दिसतच नसे. एका लग्नात कुणीतरी नवरीकडे बोट दाखवून योशी म्हणालं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, आधी नीट बघून घे, मग म्हण.

एकदा त्यांच्या गाडीतून मी अहमदीच्या दिशेने गेले होते. सहा पदरी रस्ता, काळा कुळकुळीत, एक खड्डा नाही. मी माझ्या तालुक्यातून आलेली. आमचा महामार्ग मी शाळेत असल्यापासून रुंद होतोय. कॉलेजात त्याच्यावर पत्रकं काढली, भिंतींवर चिकटवली, पोलीस चौकीत बसून आले, आणि शेवटी हिशेबनीस म्हणून कुवेतला आले, कारण पत्रकांनी पोट भरत नाही. इथे आमच्यासारख्यांना मोर्चा काढता येत नाही, म्हणून पत्रक मोबाइलवर लिहायचं. तर मी त्या रस्त्याकडे बघून म्हटलं, असा एक रस्ता आमच्याकडे झाला तर मी चळवळ सोडून देईन. चाचांना ते अजिबात रुचलं नाही.

‘ह्यो रोड नाय बाय, ही फूटपट्टी हाय,’ ते म्हणाले. ‘हितं विचारायचा कोणाला होता? वालूला?’

विचारणं. चाचांचा सगळा धर्म त्या एका शब्दात होता. त्यांच्या मते रस्ता म्हणजे डांबर नव्हे, पूल नव्हे. रस्ता म्हणजे त्याच्या मधल्या रेषेवरची लाकडी खुंटी, आणि ती मारण्याआधी झालेली बोलणी. आपल्या रोडचं आधी कागदावर ठरलं, मग मार्ग जाहीर झाला, मग मधल्या रेषेच्या खुंट्या मारायच्या होत्या. इशिदासान प्रत्येक खुंटीआधी टोपी काढून जमिनीच्या मालकाच्या दारात जायचा. मग गावच्या सभागृहात नकाशा पसरून बसायचं. तुमची पायवाट कुठली, पाटाचं पाणी कुठून येतं, ट्रॅक्टर कुठे वळतो. भरावाखालून प्रत्येक वाटेसाठी बोगदा ठेवायचा. सगळ्यांचं झाल्यावर रुंदीच्या खुंट्या, मग जमीन विकत घ्यायची, मग काम. जसजसे तुकडे तयार होतील तसतसे उघडायचे. तोही अर्धाच रस्ता, एक पदर जायला, एक यायला, मध्ये लवचीक दांड्यांची रांग. उरलेल्या अर्ध्याची जमीन घेऊन ठेवायची आणि तिथे गवत वाढू द्यायचं. मधला एखादा तुकडा राहिला असेल तर गाड्या खाली उतरतात, जुन्या रस्त्याने शाळा आणि मासळीचं दुकान ओलांडतात आणि पुन्हा वर चढतात.

राहिलेला तुकडा चाचांचा होता. त्यांनी खुंट्या मारलेला.

का राहिला, तर एका म्हातारीमुळे. आपल्या टेंभुर्णीच्या जातीचं एक केशरी फळ तिकडे होतं, त्याची तिची बाग होती. भराव तिचं घर आणि बाग यांच्यामधून जाणार होता. नियमाप्रमाणे खालून बोगदा ठेवला होता. म्हातारी नाही म्हणाली. का, तर फळं काढायची शिडी त्यातून जाणार नाही. अधिकाऱ्यांनी नकाशावर दाखवलं की शिडी जाते. ती नाही म्हणाली. मग इशिदासानने बोगद्याच्या मापाची, वळणासकट, बांबूची चौकट तिच्या अंगणात उभी केली आणि चाचांना सांगितलं, शिडी खांद्यावर घे आणि चाल. बर्फ पडत होतं. चाचा शिडी घेऊन चालले आणि वळणावर अडकले.  चौकट मोठी केली. पुन्हा चालले, पुन्हा अडकले. असे दोन हिवाळे गेले, असं चाचा सांगायचे. शिडी निघाली त्या दिवशी म्हातारीने त्यांच्या हातात सुकवलेल्या फळांची एक माळ दिली आणि आत जाऊन दार लावलं.

ही गोष्ट सांगताना चाचा उठून उभे राहायचे, खांद्यावर नसलेली शिडी घ्यायचे आणि फैयाजच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याला वळसा घालून अडकून दाखवायचे. फैयाजला ही गोष्ट पाठ होती. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, ‘चाचा, थोडा लेफ्ट.’

मी ऐकायचे आणि माझं डोकं सणकायचं. आमच्याकडे नोटीस येते ती बंद घराच्या कडीला अडकवून जातात. हरकत घ्यायची मुदत संपते तेव्हा घरमालक दोह्यात पाव विकत असतो. मोजणीदार येतो तो पोलीस घेऊन येतो. आणि रस्ता तरीही होत नाही. जपान्यांनी विचारून उशीर केला, आम्ही न विचारता केला. हे वाक्य मी पत्रकात घातलं होतं आणि ते खूप ठिकाणी फिरलं. चाचांना दाखवलं तर म्हणाले, छान आहे, पण याच्यात खुंटी कुठाय?

मग एक दिवस ते जमातीच्या बैठकीत मिठाईचा मोठा डबा घेऊन आले. सगळ्यांना वाटलं पुतण्याला मुलगा झाला. आपला रोड जोडला गेला होता. राहिलेला तुकडा उघडल्याचं खुद्द इशिदासानने फोन करून सांगितलं होतं. तो आता फार म्हातारा झालाय आणि बोलताना दमतो. लोकांनी मिठाई खाल्ली आणि पुन्हा इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, फीबद्दल बोलायला लागले. मी विचारलं, आणि ती शिडीवाली म्हातारी? चाचा सांगू लागले. ती कधीच गेली. मुलं मोठ्या शहरात. बाग रानटी झाली, फळं काढायला कुणी नाही, म्हणून डोंगरातून अस्वलं उतरतात. बागेत जायला ती त्याच बोगद्याचा वापर करतात. आता तिथे पाटी लावलीय, आत जाऊ नये.

मी म्हटलं, चाचा, मग एवढं सगळं कशासाठी केलं? उपयोग काय झाला?

‘विचारला होता ना तिला,’ ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल मी या माणसाची पूजा बांधतेय. तसं नाही. त्यांच्या जपानमध्येही राजकारणी असतील, त्यांनीही कुठे तरी हवा तसा रस्ता वळवला असेल, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणायचे, असेल, पण माझ्या तुकड्यात नाही. एका तुकड्यावर अख्खं आयुष्य टेकवणारा माणूस होता तो. असा माणूस पडतो तेव्हा त्याला धरायला दुसरं काही नसतं.

त्यांच्या गावाला वळसा घालून महामार्ग नेण्याचं ठरलं होतं. गाव म्हणजे खाडीकाठी, माझ्या गावाच्या समोरच्या तीरावर. पुढच्या बाजूला आखातातल्या पैशांची घरं, तीन मजली, काचेची, कुलूपबंद. त्या घरांचे मालक कुवेतमध्ये. वळणरस्त्याची आखणी आली तशी प्रत्येकाने इथून स्वतंत्र हरकत पाठवली. माझ्या घरावरून नको, शेजाऱ्याच्या आगरातून न्या. शेजाऱ्याने लिहिलं, माझ्या आगरातून नको, त्याच्या घरावरून न्या. तिकडच्या साहेबाने वैतागून निरोप दिला की गावाने एकमताने एक मार्ग सुचवावा, तो बघू, नाहीतर जे आहे तेच. जमातीचे अध्यक्ष मुकादम साहेब, कापडाचे व्यापारी, वयाने चाचांच्या बरोबरीचे. त्यांनी बैठक घेतली. त्यात नुसता आरडाओरडा झाला. तेव्हा चाचा उठले आणि म्हणाले, मला एक शुक्रवार द्या.

तो शुक्रवार खैरानला झाला. हिवाळ्यात जमात तिथे एक शाले भाड्याने घेते, समुद्रावरचा बंगला म्हणा, बिर्याणी होते, पोरं पोहतात. चाचा आदल्या दिवशीच जाऊन राहिले होते. आम्ही पोचलो तर ओहोटीच्या वाळूवर गाव मांडलेलं. मशिदीच्या जागी उलटी बादली. खाडी म्हणजे पाण्याने भरलेला चर. डोंगर म्हणजे वाळूचा ढीग. बाजार म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचे खोके. वडाचं झाड म्हणून शबानाची छत्री. आणि खुंट्या, खऱ्या लाकडाच्या, रिफायनरीतून आणलेल्या, त्यांना बांधलेली पिवळी दोरी. ती दोरी म्हणजे रस्ता.

चाचांनी सगळ्या पुरुषांना आपापल्या घरांच्या जागी उभं केलं. वीसेक जण होते. पाच मिनिटांत ती माणसं गावात पोचली. मला हे कबूल केलं पाहिजे की तेवढी सकाळ फार सुंदर होती. कुणीतरी दुसऱ्याला म्हणालं, माझ्या अंगणातून पाय काढ. दुसरा म्हणाला, हे अंगण तुझ्या बापाने माझ्या बापाकडून खाल्लंय. हसण्याची लाट उसळली. फैयाज आपल्या नव्या घरात उभा राहून व्हिडिओ काढत होता. मुकादम साहेबांना खुर्ची आणून दिली, तर ते म्हणाले, माझ्या ओटीवर झोपाळा आहे, खुर्ची नाही.

मला हातात वही पेन देऊन बाजूला उभं केलं होतं. ठरेल त्याचं निवेदन मी लिहायचं होतं, कारण मुकादम साहेबांच्या मते माझ्या मराठीला धार होती.

दोरी खाडीपासून निघाली. ज्या घरावरून ती जाईल त्या घराच्या माणसाने बोलायचं, असा नियम. ती मुकादम साहेबांवर आली. ते म्हणाले, माझ्या छातीवरून न्या, आणि मग हसून म्हणाले, थोडी सरकवा. सरकवली. पुढचा म्हणाला, आत्ताच फरशी घातलीय. सरकवली. कुणाची विहीर, कुणाची कलमं, कुणाच्या आईची खोली. प्रत्येक वेळी चाचा कान देऊन ऐकायचे, मान डोलवायचे, स्वतः वाकून खुंटी उपटायचे आणि पुढे मारायचे. बर्फातला इशिदासान झाले होते ते. दोरी सरकत सरकत वाळूच्या ढिगाच्या पायथ्याशी गेली, आणि तिथे कुणीच हरकत घेतली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी एक डोळा बारीक करून दोरीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत नजर नेली. वळण सुरेख होतं. त्यांनी बोट दाखवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

तो शब्द आला नाही.

ते दोरीच्या कडेने चालत गेले आणि मधोमध थांबले. आजूबाजूला बघितलं. सगळी माणसं वीस-पंचवीस पावलं दूर होती.

‘हितं कोण रं?’ त्यांनी विचारलं.

 मग एक जण म्हणाला, तिथे कोण असणार, डोंगराचा पायथा तो.

तिथे कातकरवाडी आहे. मी समोरच्या तीरावरची, मलाही माहीत आहे. पंधरा-वीस झोपड्या. तिथे जनी राहते. या सगळ्या काचेच्या घरांच्या किल्ल्या जनीच्या झोपडीत खिळ्याला टांगलेल्या असतात. तीच घरं उघडते, हवा लावते, झाडते, आणि कुवेतहून फोन गेला की गॅसची टाकी भरून ठेवते. चाचांच्या बायकोच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी जनीच बसली होती. वीस माणसं त्या वाळूवर उभी होती आणि प्रत्येकाची किल्ली जिथे लटकत होती तिथून दोरी गेली होती, कारण तिथे उभं राहायला कुवेतमध्ये कुणी नव्हतं.

चाचांनी मशीद आखली होती, खाडी आखली होती, वडाचं झाडसुद्धा आखलं होतं. कातकरवाडी आखली नव्हती. ते त्यांना त्या क्षणी कळलं. ते म्हणाले, माझ्याकडून राहिली. कुणाला ऐकू गेलं नाही, मी जवळ होते.

मग ते तिथेच उभे राहिले.

मुकादम साहेबांनी लांबून हाक मारली. ‘पावसकर, तुजा घर तिकडं. तू तिकडं कशाला उभा?’

‘हितं जनी राते.’

एकदोघे हसले. मुकादम साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले की जनीला दुसरीकडे झोपडी बांधून देऊ, आपण सगळे मिळून देऊ, हा काय प्रश्न आहे. चाचांनी विचारलं, तिला विचारलं का? मुकादम साहेब म्हणाले, तिला काय विचारायचं, ती हो म्हणेल. चाचा म्हणाले, म्हणूनच विचारायचं. मग त्यांनी पायाजवळची खुंटी उपटली, दोरी ओढत ओढत आपल्या घराच्या जागेपर्यंत नेली आणि तिथे ठोकली. स्वतःच्या घरावर. माझ्यावरून न्या, म्हणाले.

दोरीला तिथे टोक आलं. कोपरासारखं. रस्ता असा वळत नाही, हे त्यांच्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. भरधाव ट्रक तिथून सरळ खाडीत गेला असता. चाचांच्या घरावरून न्यायचा तर वळण लांबवायला हवं, आणि वळण लांबवलं तर ते एका बाजूला फैयाजच्या घरावरून आणि दुसऱ्या बाजूला मुकादमांच्या घरावरून जाणार. त्यांनी ते दोरीने करून दाखवलं. मग खाली बसून राहिले आणि पुतण्याकडे बघितलं.

‘फैयाज, तू बोल.’

फैयाजने मोबाइल खिशात ठेवला. तो वाईट मुलगा नाही. चाचांना त्यानेच ठेवून घेतलं होतं, औषधं तोच आणायचा. तो म्हणाला की चाचा, घराचं प्लास्टर अजून ओलं आहे. आणि खाली बघत राहिला. मुकादम साहेब म्हणाले, विचार करून सांगतो. बाकीचे समुद्राकडे बघत होते. समुद्रात काही नव्हतं.

चाचा थांबले. म्हातारीसाठी ते दोन हिवाळे थांबले होते. इथे बिर्याणीचं झाकण उघडेपर्यंत थांबायला मिळालं. शबानाने जेवायला हाक मारली आणि माणसं आपापली घरं सोडून निघाली. जाता जाता फैयाज चाचांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, ‘तुम्ही तिथे उभे राहा चाचा, पाहिजे तेवढा वेळ. पण कागदावर तिथे कोणी नाय ना.’

हे त्याने प्रेमाने सांगितलं. हेच भयंकर आहे. आणि खरं सांगितलं. वाडीची जमीन वाडीच्या नावावर नाही. सातबाऱ्यावर जनी नाही, तिचा बाप नव्हता, आजा नव्हता.

जेवणानंतर मुकादम साहेबांनी मला निवेदनाचा मजकूर सांगितला. त्यात ‘सदर जागेत वस्ती नाही’ असं एक वाक्य होतं. मी लिहिणार नाही म्हटलं. बरंच काही म्हटलं, ते इथे छापता येणार नाही. ते शांतपणे म्हणाले, नको लिहूस, टायपिंगवाला आहे. दुसऱ्या आठवड्यात निवेदन गेलं. सगळ्यांच्या सह्या होत्या, चाचांची नव्हती. एक सही कमी असल्याने एकमत बिघडलं नाही.

चाचांनी गावच्या दुकानदाराच्या फोनवर जनीला बोलावून घेतलं. मी तेव्हा त्यांच्या खोलीत होते. ते तिला समजावत होते की वाडीतल्या सगळ्यांनी तहसीलला जा, आम्ही इथे राहतो असं सांगा, अंगठे द्या, मी माणूस देतो बरोबर. पलीकडून जनीचा आवाज येत होता, तो लांबून येणारा, मोठ्याने बोलणारा आवाज. ती म्हणत होती की शेठ, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय म्हणतात ना, मग बरोबरच असेल. आणि मग तिने विचारलं, तुमच्या घराच्या मागच्या दाराला वाळवी लागलीय, काय करू?

मी माझं काम केलं. चार पत्रकं काढली. तालुक्यातल्या दोन पोरांनी ती वाडीत नेऊन वाचून दाखवली. एक अर्ज गेला, त्याची पोचही मिळाली. पोच अजून माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी वाडी उठवली. कुणी मारहाण केली नाही, कुणी रडलं नाही, बातमी झाली नाही. सांगितलं आणि ते गेले.

चाचा त्यानंतर जपानबद्दल बोलले नाहीत. शबाना मला म्हणाली की आता घर शांत वाटतं, आणि असं म्हणताना तिला रडू आलं. गॅस बंद आहे का ते चाचा अजूनही बघायचे, नुसता हात लावून.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते फैयाजच्या मुलीच्या आमीनला. तिचं कुराण पुरं झालं होतं, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मिठाया, अत्तर, पोरांचा गलका. चाचा कोपऱ्यात बसले होते, नवीन पांढरा सदरा घालून. त्या महिन्याअखेर ते कुवेत सोडणार होते. मुकादम साहेबांच्या भाच्याने गावाहून आलेला व्हिडिओ सगळ्यांना दाखवायला सुरुवात केली. वळणरस्त्याचं काम सुरू झालं होतं. वरून, ड्रोनने काढलेला. हिरवा डोंगर, त्याच्या पायथ्याला मातीचा लाल पट्टा, खाडीपर्यंत. खाडीपाशी पट्टा संपत होता, कारण पुलाचा ठेकेदार काम टाकून गेला होता. तरी लोक खूश होते. आपली घरं ओळखत होते, बोटांनी दाखवत होते.

मी विचारलं, वाडीतली माणसं कुठे गेली? खोलीत शांतता झाली नाही, असं फक्त गोष्टींत होतं. कुणीतरी म्हणालं, वीटभट्टीवर असतील. दुसरा म्हणाला, नाही, वरच्या जंगलात. मी विचारलं, आणि जनी? ते कुणालाच ठाऊक नव्हतं. किल्ल्यांचं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. त्या आता मुकादमांच्या भाच्याच्या सासऱ्याकडे होत्या.

मोबाइल फिरत फिरत चाचांकडे आला. मला वाटलं ते घेणार नाहीत. त्यांनी घेतला. चष्मा कपाळावर चढवला, एक डोळा बारीक केला आणि दोन बोटांनी ते चित्र मोठं केलं, अजून मोठं केलं. लाल पट्टा डोंगराच्या पायथ्याशी वळत होता. ते खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिले. भाचा वाकून उभा होता, फोन परत मिळण्याची वाट बघत.

‘वलण बराबर बसलाय,’ चाचा म्हणाले.

भाचा खूश झाला. त्याने ते खोलीभर सांगितलं, योशीचाचांनी पास केलं म्हणून. चाचांनी फोन त्याच्या हातात दिला, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि माणसांमधून वाट काढत दाराशी गेले. दाराबाहेर शंभरेक चपलांचा ढीग पडला होता. ते बराच वेळ वाकून आपल्या चपला शोधत होते. मी दारापर्यंत गेले तेव्हा लिफ्टचं दार लागत होतं आणि चाचा आत भिंतीकडे तोंड करून उभे होते, अनवाणी.